चिऱ्याचे गणित पाण्याचे

कोकणात घर किंवा कुंपण बांधायला काढले, की गवंडी पहिला सल्ला देतो तो असा: "चिरे आत्ताच उतरवून ठेवा, काम दोन-तीन महिन्यांनी सुरू करू." ऐकणाऱ्याला नवल वाटते. जो दगड लाखो वर्षे जमिनीत पडून होता, त्याला आणखी तीन महिने अंगणात ठेवून काय साधणार?

पुढे काम सुरू होते आणि दुसरे कोडे पडते. महिनोन्महिने उन्हात वाळवलेल्या त्याच चिऱ्यांवर गवंडी बांधायच्या आधी बादल्यांनी पाणी ओततो. भिंत उभी राहिल्यावरही आठवडाभर तिच्यावर पाणी मारायला सांगतो. आणि पावसाळा जवळ आला, की हाच माणूस घाईघाईने भिंतीचा माथा झाकायला लागतो, पाणी आत जाऊ नये म्हणून!

आधी वाळवा, मग भिजवा, मग पुन्हा कोरडे ठेवा. या तिन्ही सूचनांमागे एकच गोष्ट आहे. जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या, म्हणजे चिऱ्यांच्या, बांधकामात पाणी कोणत्या वेळी कुठे असावे, हे कळले की बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

बेसॉल्टचा चोथा

सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे तो बेसॉल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थंड झालेला थर. कोकणातला बराचसा जांभा याच काळ्या दगडापासून तयार झाला. कसा, ते समजायला चहाचा चोथा डोळ्यांसमोर आणावा. तीच पावडर पुन्हा पुन्हा उकळली, की विरघळणारे सगळे निघून जाते आणि न विरघळणारे मागे उरते. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांनी बेसॉल्टचे लाखो वर्षे हेच केले. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम पाण्याबरोबर वाहून गेले. सिलिकाही हळूहळू बरीच गेली. उरले ते पाण्यात सहजी न विरघळणारे लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, आणि थोडी चिकणमाती. लोखंडामुळे त्याला तांबडा-पिवळा रंग आला.

यात आपल्या ऋतूंचाही वाटा आहे. पावसाळ्यात जमिनीतली पाण्याची पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. पाण्याने भरलेल्या, हवा नसलेल्या थरात लोखंड विरघळते आणि इकडून तिकडे सरकते. पाणी उतरून हवा आत शिरली, की ते गंजाच्या रूपात तिथेच जमा होते. वर्षानुवर्षे असे चालल्यामुळे जांभ्यात लोखंडाची कठीण जाळी तयार होते आणि जाळीच्या पोकळ्यांत मऊ माती अडकून राहते. जांभ्याचा दगड सच्छिद्र, नळ्या-नळ्यांचा दिसतो तो यामुळेच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, सर्वांत वर असतो तो उन्हापावसाने कडक झालेला कातळ. कातळशिल्पे कोरली आहेत ती यावरच. त्याखाली चिरे निघतील असा थर लागतो आणि आणखी खाली गेले, की दगड मऊ पडत पडत मातीत मिसळतो. चिरेखाण चालते ती या मधल्या थरात.

आत मऊ, बाहेर कठीण

आता पहिले कोडे. जमिनीत हा मधला थर ओलसर असतो. त्याच्या पोकळ्यांत पाणी असतेच, शिवाय लोखंडाच्या काही संयुगांमध्येही पाणी बांधलेले असते. अशा अवस्थेत लोखंडी हत्याराने तो सहज कापता येतो. चिरा बाहेर काढून हवेत ठेवला, की पाणी उडून जाऊ लागते. पाणी गमावलेल्या लोखंडाच्या संयुगांचे घट्ट स्फटिक बनू लागतात आणि ते शेजारच्या कणांना जखडून टाकतात. पुढे पाऊस लागला तरी ही पकड पूर्णपणे उलटत नाही. चिरा भिजतो, पण खाणीतल्या मऊपणाकडे परत जात नाही.

फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने 1800-01 मध्ये दक्षिण भारताचा प्रवास केला. मलबारातल्या अंगाडीपुरम इथे त्याने हाच प्रकार पाहिला आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवला: जमिनीत असताना सहज कापला जाणारा हा दगड हवेत विटेसारखा कडक होतो. तिथल्या लोकांना अर्थातच हे आधीपासून ठाऊक होते. दगड मऊ असतानाच कापून घ्यायचा आणि मग त्याला कडक व्हायला वेळ द्यायचा, हा व्यवहार त्यांनी या गुणधर्मावरच बसवला होता.

म्हणून गवंडी थांबायला सांगतो. खाणीतून आलेला चिरा लगेच भिंतीत घातला तर तो भिंतीतच सुकतो, थोडा आकसतो आणि सांध्यांना बारीक भेगा पडतात. शिवाय ओल्या चिऱ्याची ताकद सुकलेल्याहून कमी असते. चिरे रचतानाही मध्ये फटी ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळतो. ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवले तर वाट पाहूनही उपयोग नाही.

खाणीत चिरा कसा निघतो

पूर्वी चिरे कुदळीने आणि टिकावाने काढत. माणूस चिऱ्याच्या चारी बाजूंनी खाच मारी, मग पहारीने तळातून उचकटी आणि सर्व बाजू तासून सारख्या करी. आज बहुतेक खाणींत यंत्र असते. रुळांवर सरकणाऱ्या गाडीला मोठे गोल पाते बसवलेले असते. ते आधी एका दिशेने समांतर काप घेते, मग रूळ फिरवून आडव्या दिशेने. जमिनीवर बुद्धिबळाच्या पटाची घरे आखल्यागत होतात. मग तळाचा काप घेऊन एकेक चिरा मोकळा करतात.

यंत्राने चिरे एकसारख्या मापाचे मिळतात. त्यामुळे सांधे बारीक ठेवता येतात, सिमेंट कमी लागते आणि गिलावा न करता भिंत उघडी ठेवली तरी नीटस दिसते. हाताने तासलेल्या चिऱ्याच्या खडबडीत बाजूला सिमेंट-वाळूचा माल मात्र अधिक घट्ट धरतो.

माप खाणीगणिक थोडे बदलते. आपल्या हिशेबासाठी 14 इंच लांब, 9 इंच रुंद, 7 इंच उंच असा चिरा धरू. त्याचे वजन 25 ते 35 किलो भरते. एकट्याने उचलून छातीपर्यंत नेण्याचा हा दगड नव्हे. वरचे थर लावताना दोघांनी उचलावा, पाठ वाकवू नये, गुडघे वाकवावेत.

किती चिरे लागतील? अर्ध्या इंचाच्या सांध्यासह एका चिऱ्याचे तोंड साडेचौदा इंच लांब आणि साडेसात इंच उंच होते, म्हणजे सुमारे पाऊण चौरस फूट. 100 चौरस फूट भिंतीला 132 चिरे. तुटफूट धरून 140 मागवावेत. 40 फूट लांब आणि 5 फूट उंच कुंपणाला त्याच हिशेबाने 280.

पारख

भारतीय मानक 3620 हे जांभ्याच्या चिऱ्यांसाठीच आहे. त्यानुसार चिऱ्याने दर चौरस मिलिमीटरला किमान 3.5 न्यूटन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 35 किलो, इतका दाब सोसायला हवा. त्याचे पाणी शोषणे वजनाच्या 12 टक्क्यांहून जास्त नसावे.

ही परीक्षा प्रयोगशाळेत होते. पण शोषणाचा अंदाज घरीही घेता येतो. पूर्ण सुकलेला चिरा वजन करून दिवसभर पाण्यात बुडवावा, बाहेर काढून वरचे पाणी पुसावे आणि पुन्हा वजन करावे. 30 किलोचा चिरा 33.6 किलोच्या पुढे गेला, तर तो 12 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर आहे.

डोळ्यांनी आणि कानांनीही बरेच कळते. दुसऱ्या दगडाने ठोकल्यावर चांगला चिरा खणखणीत वाजतो, कच्चा असेल तर बद्द आवाज येतो. पांढऱ्या किंवा फिकट मातीचे मोठे डाग असतील, तर ती माती पुढे पावसाने धुऊन जाईल आणि भोके राहतील. असे चिरे बाहेरच्या तोंडाला लावू नयेत. ट्रक आला, की मधले-खालचे दोन-चार चिरे काढून पाहावेत. वरच्या थरावर बहुतेकदा चांगलाच माल असतो.

आखणी: दोरी, नळी आणि 3-4-5

बांधकाम वाकडे जाते ते सहसा पहिल्याच थरात. म्हणून चिरा हातात घेण्याआधी कोपरा काटकोनात आहे ना, हे पाहावे. त्यासाठी जुना आणि बिनचूक उपाय असा: कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फूट आणि दुसऱ्या दोरीवर 4 फूट मोजून खुणा करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर 5 फूट आले तर कोपरा काटकोनात आहे. मोठ्या आखणीत 6, 8 आणि 10 फूट घ्यावेत. अंतर वाढले की चूक कमी होते.

उंची जुळवायला पाण्याची पारदर्शक नळी लागते. एकाच नळीच्या दोन टोकांना पाणी नेहमी एकाच पातळीवर उभे राहते, मग मध्ये झाड असो वा चढ. एका टोकाची खूण पहिल्या कोपऱ्यावर, दुसऱ्याची दुसऱ्या कोपऱ्यावर. नळीत हवेचा बुडबुडा मात्र राहता कामा नये, नाहीतर खूण फसवते.

पहिला थर माल न लावता कोरडाच मांडून पाहावा. तुकडा कुठे येतो, फाटकाच्या खांबापाशी किती उरते, हे तेव्हाच कळते. कोपरे दोन-तीन थर आधी उभारावेत, ओळंब्याने त्यांचा उभेपणा तपासावा, मग दोन्ही कोपऱ्यांना दोरी ताणून मधला थर भरावा. दोरीला चिरा टेकवायचा नाही. नखाएवढी फट ठेवायची. एक चिरा दोरीला टेकला की ती बाहेर ढकलली जाते आणि पुढचे सगळे तिच्यामागे जातात.

वाळवलेल्या चिऱ्याला पाणी कशाला?

आता दुसरे कोडे. सिमेंट सुकून घट्ट होते, असा सार्वत्रिक समज आहे. खरे तर सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते. पाणी अर्ध्यातच गेले तर क्रिया थांबते आणि सांध्यात उरते ती नखाने खरवडली तरी गळणारी भुकटी.

सुकलेला चिरा सच्छिद्र असतो. त्याच्या बारीक पोकळ्या मालातले पाणी भराभर ओढून घेतात. म्हणून लावण्याआधी चिरा भिजवतात, म्हणजे त्याची तहान आधीच भागते. पण तो पाण्याने निथळतही नसावा. पृष्ठभागावर पाण्याचा थर असेल तर माल त्यावर घसरतो आणि चिऱ्याच्या भोकांत शिरून पकड घेत नाही. आत ओला, वरून कोरडा, ही लावण्याची योग्य वेळ. हाच न्याय भिंतीवर पाणी मारण्याला लागू होतो. निदान सात दिवस सांधे ओले राहिले पाहिजेत.

मालाचे प्रमाण एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू असे सर्रास ठेवतात. सिमेंट वाढवले की भिंत मजबूत होईल, असे घरमालकाला वाटते. पण माल चिऱ्यापेक्षा कडक झाला, तर पाया थोडा दबल्यावर भेग चिऱ्यातून जाते. माल थोडा नरम असेल तर ती सांध्यातून जाते आणि सांधा पुन्हा भरता येतो. चिरा फुटला तर बदलणे अवघड. पूर्वीच्या चुन्याच्या मालाचा हा मोठा गुण होता. मालात पाणी घालून तो पुन्हा पुन्हा कालवणे मात्र टाळावे. तासाभरात संपेल इतकाच माल करावा.

सांधेमोड

खालच्या थराचा उभा सांधा आणि वरच्या थराचा उभा सांधा एका रेषेत आले, की भिंतीचे दोन वेगळे खांब होतात आणि त्यांच्यामध्ये भेगेसाठी आयती वाट तयार होते. वरचा चिरा खालच्या दोन चिऱ्यांवर बसला, तर त्याच्यावरचा भार दोघांत वाटला जातो. त्या दोघांचा त्याखालच्या तिघांत. भार असा खाली पसरत जातो. यालाच गवंडी सांधेमोड म्हणतात.

9 इंच जाडीच्या भिंतीत कोपरा स्वतःच सांधेमोड करून देतो. पहिल्या थरात कोपऱ्याचा चिरा एका भिंतीच्या दिशेने लांब ठेवा, दुसऱ्या थरात दुसऱ्या भिंतीच्या दिशेने. मग एका भिंतीवर पहिल्या थरातला पहिला सांधा 14 इंचांवर येतो आणि दुसऱ्या थरातला 9 इंचांवर. फरक 5 इंचांचा, आणि तो भिंतभर तसाच राहतो. त्यासाठी एकही चिरा कापावा लागत नाही. जिथे कोपरा नाही, भिंत नुसतीच संपते, तिथे मात्र एकाआड एक थराला अद्धा, म्हणजे अर्धा चिरा, लागतो.

अद्धा करायला चिऱ्याच्या चारी बाजूंनी रेषा आखून त्यावर खाच पाडायची आणि मग छिन्नी ठेवून घाव घालायचा. खाच कशाला? घावाचा ताण खाचेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग तिथूनच सुरू होते. खाच एकाच बाजूला असेल तर भेग दुसऱ्या बाजूला मनाला येईल तिकडे निघते. कटरने कापायचे असेल तर पात्यावरचे संरक्षक झाकण काढू नये, चष्मा आणि नाका-तोंडावर चांगला मास्क लावावा. जांभ्याची लाल भुकटी डोळ्यांना चटकन दिसते, पण फुप्फुसात जाते ती न दिसणारी. चिरा आधी भिजवला तर धूळ बरीच कमी होते.

दिवसाकाठी मीटरभरापेक्षा जास्त उंची चढवू नये. खालचा माल अजून ओला असतो. वरचे वजन वाढले, की तो बाहेर दाबला जातो आणि ओळंबा चुकतो.

भिंत चिरडत नाही, कलंडते

5 फूट उंच आणि 9 इंच जाड भिंतीचे वजन दर मीटर लांबीला पाऊण टनाच्या आत असते. मानकातला 3.5 न्यूटनचा चिरा मीटरभर लांबीत 80 टनांच्या आसपास भार सोसू शकतो. सांधे धरून भिंतीची ताकद त्याहून बरीच कमी होते, तरीही कुंपणाची भिंत स्वतःच्या वजनाने चिरडण्याची शक्यता जवळपास नसते. ती पडते ती कलंडून. पाया एका बाजूला दबतो, बाजूची माती ढकलते किंवा वारा लोटतो. वजनाची रेषा तळाच्या कडेकडे सरकते आणि चिरा दाबाला जितका भक्कम, तितकाच ताणाला कच्चा असल्याने सांधा उघडतो.

म्हणूनच पायाचा तळ भिंतीपेक्षा रुंद ठेवतात आणि घट्ट थर लागेपर्यंत खणतात. कातळ असेल तर त्यात चर मारून पहिला थर बसवावा. दर 8-10 फुटांवर जाड खांब बांधला, की भिंतीचा तळ तिथे रुंदावतो. भिंतीमागे मातीचा भराव असेल तर तळाशी पाणी जायला भोके ठेवायलाच हवीत. पावसाने चिंब झालेली माती कोरडीपेक्षा जड असतेच, शिवाय तुंबलेले पाणी वेगळा दाब देते. अशा भिंतीची जाडी गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये.

घराच्या भिंतींसाठी तर अभियंत्याचा आराखडा हवाच. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप कोकणापासून दूर नव्हता. जोत्याच्या आणि दारांच्या वरच्या पातळीवर सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा सलोह काँक्रीटचा पट्टा घराला हादऱ्यात सांभाळतो.

पावसाचे पाणी

राहिले तिसरे कोडे. सिमेंटची क्रिया झाली, की भिंतीला पाण्याची गरज उरत नाही. उलट ते नकोसे होते. चिऱ्याच्या पोकळ्यांतली माती धुपते, ओली भिंत शेवाळते, जमिनीतली ओल बारीक पोकळ्यांतून वर चढते. जुन्या कोकणी घरांत जोते काळ्या दगडाचे, छपराची पागोळी भिंतीपासून बरीच लांब आणि पावसाच्या बाजूला पडवी, या सगळ्यामागे हा विचार दिसतो.

जुन्या गोव्यातले बॉम जेझू चर्च यावर बोलके आहे. 1605 मध्ये ते पूर्ण झाले. भिंती जांभ्याच्या, दर्शनी नक्षीकामाला वसईहून आणलेला काळा दगड, आणि जांभ्यावर चुन्याचा गिलावा. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञांनी हा गिलावा काढून टाकला. तेव्हापासून पावसाळ्यामागून पावसाळे उघडा जांभा झिजतो आहे आणि गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर वाद होत आला आहे.

याचा अर्थ प्रत्येक भिंतीला गिलावा हवाच, असा नाही. कडक चिरा, नीट भरलेले सांधे आणि वर आडोसा असेल तर उघडी भिंत टिकते. पण कुंपणाच्या भिंतीला छप्पर नसते. म्हणून तिच्या माथ्यावर दोन्ही बाजूंनी उतरता, भिंतीच्या बाहेर दीड-दोन इंच आलेला काँक्रीटचा थर द्यावा आणि त्याच्या खालच्या कडेला खोबण ठेवावी. पाणी खोबणीपाशी थबकून खाली ठिबकते, भिंतीवरून ओघळत नाही.

काम कधी काढावे?

हे सारे कॅलेंडरवर मांडले, की कामाचा क्रम आपोआप ठरतो. दिवाळीनंतर खाणी कोरड्या होतात, तेव्हा चिरे मागवावेत. माघ-फाल्गुनापर्यंत ते सुकतात. मग बांधकाम करावे आणि पाणी मारायला विहीर-नळाची आधीच सोय ठेवावी, कारण चैत्रात टंचाई सुरू झाली की पहिली कात्री भिंतीच्या पाण्याला लागते. माथा आणि सांधे मिरगाच्या आधी पुरे करावेत. हा क्रम उलटा करून मे महिन्यात ओले चिरे आणून जूनच्या पहिल्या सरीआधी भिंत उभी केली, तर तिन्ही वेळचे पाणी एकदमच चुकते.

थोडक्यात

• चिरे खाणीतून आणून दोन-तीन महिने हवेशीर रचून ठेवा.
• खणखणीत वाजणारे, मातीचे मोठे डाग नसलेले चिरे बाहेरच्या बाजूला लावा.
• लावताना चिरा आत ओला, वरून कोरडा असावा.
• माल एकास सहा. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती नव्हे.
• उभे सांधे कधीही एका रेषेत आणू नका.
• दिवसाला मीटरभरच उंची. नंतर निदान सात दिवस पाणी मारा.
• रुंद पाया, 8-10 फुटांवर खांब, भरावाच्या भिंतीला पाण्याची भोके.
• पावसाळ्याआधी माथा उतरता करून झाका.